पिंपळपानाखालचा पत्रा

त्या पावसाळ्यात कर्जतच्या स्टेशनामागच्या वस्तीत विशाखासमोर ‘भोक’ हा शब्द काढायची सोय उरली नव्हती. तिची आई पीठ चाळायला बसली, तरी चाळणी पदराआड धरायची. या सगळ्याला कारण होता एक पत्रा. पत्रा आणि विशाखाचं तोंड. खरं तर तोंडाचा नंबर पहिला.

वस्तीच्या बुद्धविहाराला लागून अभ्यासिका होती. अभ्यासिका म्हणजे एक खोली, दोन बाकं, एक कपाट आणि डोक्यावर लोखंडाचे जुनेपुराणे पत्रे. ते इतके गंजले होते, की वारा सुटला की खाली तांबडी पूड पडायची. इतिहासाचं पुस्तक उघडावं तर वाटायचं, कुणीतरी घराघरांतला तिखटमसाला पानिपतावर शिंपडलाय.

छप्पर बदलायचं निघालं, तेव्हा विशाखा आठवीत होती. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत नुकतीच ढाल जिंकलेली, त्यामुळे दोन माणसं एका जागी दिसली की तिला तिथे सभाच दिसायची. आणि अभ्यासिकेची किल्ली होती तिच्याकडे! वस्तीच्या इतिहासात किल्ली पहिल्यांदाच एका मुलीच्या हाती आली होती. ती लोखंडी किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून तिने गळ्यात घातली होती. झोपताना नाही, पावसात नाही, आंघोळीलासुद्धा नाही, ती गळ्यातून कधी उतरत नव्हती. नवी नवरी डोरलं मिरवणार नाही, इतकी ती किल्ली मिरवत होती.

या किल्लीवर धाकलूकाकांचा डोळा होता. धाकलूकाका म्हणजे वस्तीच्या मंडळाचे सेक्रेटरी. जयंतीच्या मांडवाचे बांबू ही त्यांची खासगी जबाबदारी आणि खासगी दुःख. बांबू उघड्यावर ठेवले, की पावसाळ्यात सरपण ओलं झाल्यावर कुणाच्या ना कुणाच्या चुलीत जायचे. काकांना बांबूंसाठी कुलपाची खोली हवी होती.

“पोरी काय, घरी बसून बी वाचतील,” ते म्हणायचे. “बांबू कुठं बसतील?”

तर छप्पर बदलायचं ठरलं आणि सल्ले सुरू झाले. कडावहून आलेल्या एका पाहुण्यांनी कौलं घाला म्हटलं. कौलं माकडं उचकटतात, असं दुसऱ्यांनी सांगितलं. कुणी सिमेंटचे पत्रे सुचवले, कुणी डांबराची पिंपं फोडून सपाट करायला सांगितली. एकजण तर म्हणाला, छप्पर घालूच नका, म्हणजे गंजायचा प्रश्नच नाही. तो माणूस मंडळाचा खजिनदार होता.

विशाखा उठली आणि दोन्ही हात मागे बांधून बोलू लागली. (ढाल याच पवित्र्याने मिळाली होती.)

“बंधूंनो आणि भगिनींनो! लोखंडाचा शत्रू कोण? पाणी आणि हवा. म्हणून लोखंडाला जस्ताचं चिलखत चढवलेला पत्रा घ्यायचा. त्याला ठोकायचे बोल्टही जस्त चढवलेलेच. बोल्टाखाली डांबरी वायसरची चकती. प्रत्येक वस्तू निवडून घ्यायची. निवड चुकली नाही, तर गंजाची काय बिशाद!”

“आन गंजला तर?” धाकलूकाका म्हणाले.

इथे शहाण्या माणसाने खाली बसायचं असतं. विशाखा बसली नाही.

“मी दहावी होईपर्यंत या पत्र्याला एक जरी भोक पडलं, तर ही किल्ली गळ्यातून काढून तुमच्या हातात देईन!”

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात धाकलूकाकांनी वाजवल्या.

विशाखाचे वडील धर्माजी, म्हणजे अण्णा, खालापूरला कचेरीत कारकून होते. कचेरीची भाषा त्यांच्या जिभेवरून घरी आल्यावरही उतरत नसे. “सदर आमटीत मीठ आढळून येत नाही,” असं ते जेवताना म्हणायचे. अण्णांनी त्याच वाटेवरच्या आबाजीशेठच्या दुकानातून पत्रे आणले. विशाखाने एकेक पत्रा वाजवून, एकेक वायसर दाताखाली चावून घेतला. छप्पर असं झळकलं, की पळसदरीहून परतणाऱ्या लोकांना म्हणे गाडीतून दिसायचं.

आता यात येसूआजी आल्या.

येसूआजी वस्तीत सगळ्यांत म्हाताऱ्या. त्यांच्याकडे एक तांब्याचा हंडा होता. ज्या विहिरीवर एके काळी लांब उभं राहून, वरून कुणी ओतेल तेवढंच पाणी मिळायचं, त्या विहिरीत येसूआजींनी स्वतःच्या हाताने पोहरा सोडला तो दिवस वस्तीला अजून पाठ होता. त्या दिवशी भरलेला तो हा हंडा. आता त्याचं बूड गेलं होतं. आजी तो घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “ह्यो आपल्या छपरावर लावा.”

हंडा छपरावर कसा लावणार? शेवटी एका तांबटाकडून तो उकलून, ठोकून त्याचं भलंमोठं पिंपळपान करवून घेतलं. शिरा उठलेल्या, आणि शेपटासारखं लांब टोक. पान छपराच्या आढ्यावर बसवलं, टोक दाराकडे झुकलेलं. वस्ती मान वर करून बघत राहिली. विशाखा तर गहिवरलीच. शिवाय तांबं गंजत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे निवड पुन्हा अचूक!

पहिला पावसाळा सुखरूप गेला. पत्र्यावर पानाच्या टोकाखाली एक पांढुरकी रेघ दिसू लागली खरी, पण ती कावळ्याची मानली गेली. फक्त एक होतं. तांबं काळवंडतं म्हणून येसूआजी दर पौर्णिमेच्या आधी शिडी लावून स्वतः वर चढायच्या आणि चिंचेने पान घासायच्या. खालून दोघी-तिघी शिडी धरायच्या आणि सगळी वस्ती श्वास धरायची.

“आजी, उतरा! पडाल!”

“आगं, धुऊन तर घेऊ दे,” असं म्हणत आजी वरून तांब्याभर पाणी ओतायच्या. ते हिरवट-आंबट पाणी पानाच्या टोकावरून पत्र्यावर, पत्र्यावरून वळचणीला, असं ऐटीत वाहत जायचं.

दुसऱ्या पावसाळ्यात, विशाखा दहावीत गेल्यावर, अभ्यासिकेत मंडळाची मीटिंग चालू असताना धाकलूकाकांच्या टकलावर टप्पकन काहीतरी पडलं.

काकांनी वर पाहिलं. सगळ्यांनी वर पाहिलं. विशाखाने मात्र खाली पाहिलं.

“गळतंय,” काका अत्यंत आनंदाने म्हणाले.

“घाम असेल तुमचा,” विशाखा म्हणाली.

टप्प. पुन्हा टप्प. एका रेघेत तीन-चार बारीक भोकं पडली होती. बाकी सगळं छप्पर ठणठणीत, नव्यासारखं! काकांनी हात पुढे केला. विशाखाने किल्ली मुठीत घट्ट धरली आणि आवाज चढवला, “आधी चौकशी झाली पाहिजे! भोक कशाने पडलं हे कळल्याशिवाय पत्र्याला दोषी धरता येणार नाही.”

“बराबर हाय. चौकशी होऊ दे,” येसूआजी म्हणाल्या, म्हणून ती वाचली. काकांनी मुदत दिली पाऊस सरेपर्यंतची. पुस्तकं विशाखाच्या घरी आली आणि घरातली माणसं पडवीत गेली.

चौकशीत कावळ्यांचं नाव आलं. मग माथेरानच्या माकडांचं आलं. अण्णांचा संशय रसायनीच्या कारखान्यांच्या धुरावर होता. “सदरहू धूर वाऱ्यामार्फत इकडे येत असावा.”

“येत आसंल,” धाकलूकाका म्हणाले. “पन एवढा लांबून येऊन त्यानं आपलंच छप्पर का धरलं? त्यात बी येकच रेघ? धुराला काय पट्टी दिलीय आखायला?”

 विशाखाच्या डोक्यात नुसता काला झाला होता. पत्रा एकच, पाऊस एकच, बोल्ट तेच. मग इथेच का?

शेवटी आबाजीशेठनी पत्रा बनावट दिला, असं ठरलं. शेठ म्हणाले, पत्रा आणून दाखवा. तेव्हा बापलेकींनी भर पावसात तो काढला, त्या जागी मेणकापड बांधलं आणि पत्रा घेऊन एस.टी. स्टँडवर गेले. विशाखाच्या एका मैत्रिणीने लांबून विचारलं, “कुठं गं?” आता गावाला निघालेल्या माणसाच्या डोक्यावर पत्रा असताना यावर प्रतिष्ठित उत्तर काय देणार? विशाखा म्हणाली, “सहज.”

कंडक्टरने पत्र्याकडे बघून विचारलं, “ह्यो बसणार की उभा राहणार?” पत्रा टपावर गेला आणि सबंध वाटभर असा वाजत राहिला, की रस्त्यावरची म्हातारी माणसं वरात समजून बाजूला झाली.

आबाजीशेठनी पत्रा उन्हाकडे धरायचा प्रयत्न केला. ऊन नव्हतं. मग त्यांनी भोकाला डोळा लावून भोकापलीकडच्या अण्णांना बघितलं.

“भोक पडलंय की पाडलंय?”

“पडलंय!” बापलेक एकदम म्हणाले.

“मग ओव्हरसियरसाहेबांचा तसा दाखला आणा. कंपनीला कळवायचं तर भोक सरकारी लागतं.”

ओव्हरसियरसाहेब फार भले गृहस्थ निघाले. त्यांनी पत्रा पाहिला, चहा पाजला आणि सांगितलं, की सुट्या पत्र्यावरच्या भोकाचा दाखला देता येत नाही. पत्रा जागेवर असताना गळती होते, हे समक्ष पाहावं लागेल. म्हणजे पत्रा पुन्हा टपावर, पुन्हा वरात, पुन्हा छपरावर. साहेब येणार ते मात्र उघाड मिळाल्यावर, कारण पावसात पाहणीला निघायचा नियम नव्हता.

“पण साहेब, पाऊस नसताना गळणार कसं?” विशाखाने विचारलं.

साहेब चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “मुली, तुझा मुद्दा बरोबर आहे. पण तो आमच्याकडे लागू होत नाही.”

इकडे वस्तीत धाकलूकाकांनी नवीनच पिल्लू सोडलं होतं. “पान बसवल्यापास्नं हे सुरू झालं. पानच काढून बघा.” खरं म्हणजे हे त्यांनी उगीच, आजींना टोचायला म्हटलं होतं. पण येसूआजींचा चेहरा एवढासा झाला.  त्या उठल्या, आणि चिंच भिजत घालायला गेल्या.

विशाखाला ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत तिने विज्ञानाच्या सरांना गाठलं. सर म्हणाले, “तांबं? तांबं तर राजधातूंच्या जवळचं. लोखंड-जस्तासारखं सहजासहजी खराब होत नाही ते.” झालं! विशाखा धावत आली आणि विहाराच्या पायरीवर उभी राहून तिने आजींच्या पानाची निर्दोष मुक्तता जाहीर केली. “तांबं खानदानी धातू आहे! तो असलं काही करणार नाही!”

आजी इतक्या खूश झाल्या, की त्या महिन्यात त्यांनी पान दोनदा घासलं.

आता पानाची बाजू घेतलीच आहे, तर ती सिद्धच करू, असं विशाखाने ठरवलं. गेल्या वर्षीच्या पत्र्याचे उरलेले तीन तुकडे न्हाणीमागे पडले होते. ते तिने विटांवर तिरके ठेवले. एक नुसता पावसात. दुसऱ्यावर रोज चिंचेचं पाणी. आणि तिसऱ्याच्या वर तिने तारेने एक जुना ढब्बू पैसा टांगला, तांब्याचा, असा की पावसाचं पाणी पैशावरून पत्र्यावर ठिबकावं. तिन्ही तुकडे सारखेच सडतील, म्हणजे पत्रा बनावट, शेठ गुन्हेगार, पान सुटलं, किल्ली वाचली! इतका सरळ हिशेब होता.

हिशेब सरळ होता, घर नव्हतं. नुसत्या पावसातला तुकडा आईने नेऊन दुधावर झाकण म्हणून ठेवला. “एवढा चकचकीत पत्रा पावसात कशाला गं?” विशाखाने तो परत आणला. दुसऱ्यावर कोंबडी बसायला लागली. पण तिसऱ्याकडे कुणी फिरकलं नाही, आणि तिसऱ्यावर आधी पांढरी पूड आली, मग पांढऱ्याभोवती तांबडं वर्तुळ आलं. भादव्यात विशाखाने त्या वर्तुळात केसातला आकडा टोचला, तर तो आरपार गेला.

चिंचेचा तुकडा नुसता मळकट झाला होता. पहिला तर आईच्या म्हणण्याप्रमाणे अजून दुधावर ठेवण्यासारखा होता. आणि ढब्बू पैसा? तारेला लटकून मस्त झुलत होता. त्याला काही म्हणजे काही झालं नव्हतं.

विशाखा तिथेच विटेवर बसली. ज्याला सोडवायला गेली, त्यालाच तिने पकडून दिलं होतं.

ती पुन्हा सरांकडे गेली. सर म्हणाले, “हो, मग बरोबरच आहे. त्याला स्वतःला काही होत नाही. त्याच्यावरून उतरणारं पाणी थोडं तांबं घेऊन येतं, ते खालच्या जस्ताला खातं. जस्त गेलं की लोखंड उघडं पडतं.”

“सर, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“हे पुढच्या इयत्तेला आहे,” सर म्हणाले.

पाऊस सरला, मुदत भरली, मीटिंग बसली. विशाखा उभी राहिली. आज हात मागे बांधायचं तिला सुचलं नाही. समोरच येसूआजी बसल्या होत्या, चिंचेने पिवळी पडलेली बोटं मांडीवर ठेवून. गप्प बसावं आणि आबाजीशेठच्या नावाने मोकळं व्हावं, असं तिला फार वाटलं. किल्ली वाचली असती आणि आजींचा हंडाही राहिला असता. पण मग नवा पत्रा आणायचा, आणि पुन्हा त्याच पानाखाली?

“आजी,” ती म्हणाली, “पत्रा चांगला होता. तुमचं पानही चांगलं आहे. दोन्ही निवडून घेतलेलं. पण मी एकाखाली एक काय ठेवतेय, ते बघितलं नाही. तांबं वर बसलं, की त्याचं काही बिघडत नाही. त्याच्यावरून जे पाणी उतरतं, ते खालच्याला खातं.”

तिने तिसरा तुकडा आणि ढब्बू पैसा आजींपुढे ठेवला. येसूआजींनी तो तुकडा हातात घेतला. भोकात करंगळी घालून पाहिली. मग पैसा पाहिला.

“ह्येला काय न्हाय झालं?”

“नाही आजी.”

“वर बसला त्येला काय न्हाय, आन खालचा झिजला?”

“हो.”

आजींचे खांदे हलायला लागले.  पण आजी रडत नव्हत्या, हसत होत्या! डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या.

“आगं, जलमभर ह्येच बघत आली मी! खालची हुती ना मी! आन मीच माज्या हातानं येकाला वर बसवला, आन वर चिच लावून चमकवला!” त्यांनी पदराने डोळे पुसले. “उतरव त्येला. आपल्यात वर-खाली नको. दाराशी लाकडाचा खांब रोव, तितं लाव. पानी भुईला जाऊ दे. भुई कुनाला भेत न्हाय. आन मला बी शिडी नको आता, गुडघं दुखत्यात.”

पान उतरलं. भोकांवर आईच्या दुधाचं झाकण, म्हणजे तो चकचकीत तुकडा, डांबर लावून ठोकला. आईने त्याला फार जड मनाने निरोप दिला.

राहिली किल्ली. धाकलूकाकांनी हात पुढे केला. विशाखाने दोरा मानेवरून काढला. गळ्याला हिवाळ्यात मफलर काढल्यावर लागतं तसं गार लागलं. शब्द म्हणजे शब्द. तिने किल्ली काकांच्या हातात ठेवली आणि दुसरीकडे बघितलं.

काकांनी ऐटीत दार ओढलं, कडी घातली, पितळी कुलूप अडकवलं, किल्ली आत सारली आणि फिरवली.

कट्.

अर्धी किल्ली काकांच्या चिमटीत राहिली. अर्धी कुलपात. दोन पावसाळे आणि शेकडो आंघोळी अंगावर घेऊन ती आतून गंजून कधीच संपली होती. पत्रा कशाचा, बोल्ट कशाचे, वायसर कशाचे, सगळं निवडून झालं होतं. किल्ली कशाची आहे, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

मग हातोड्याने कुलूप फोडलं. कडीही त्याबरोबर आली, कारण तीही नुसती रंगाच्या आधाराने उभी होती.

“आता दुसरं कुलूप आणूया,” कुणीतरी म्हणालं.

“कशाचं आणायचं?” दुसऱ्याने विचारलं. यावर पितळ, लोखंड, पोलाद असे तीन पक्ष पडले, आणि खजिनदार म्हणाला, कुलूपच आणू नका, म्हणजे गंजायचा प्रश्नच नाही. या वेळी मात्र सगळ्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

“म्हंजे खोली उघडी?” धाकलूकाका घाबरे झाले. “माजे बांबू? येका पावसाळ्यात चुलीत जातील!”

“मग बांबू तुमच्याच पडवीत ठेवा,” येसूआजी म्हणाल्या. “उघड्या खोलीत ऱ्हायला पुस्तकंच बरी.”

“आन पुस्तकं कुनी नेली म्हंजे?”

“नेल त्यो वाचंल,” आजी म्हणाल्या. “न्हाय वाचली, तर आपल्या पायानं आनून टाकंल. चुलीत घालायला धूर लई करत्यात ती.”

धाकलूकाका हातातल्या अर्ध्या किल्लीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती विशाखापुढे धरली. “घे बाय. तुजी तुला.”

“राहू द्या काका,” विशाखा म्हणाली आणि दोन्ही हात मागे बांधले. “शब्दाप्रमाणे ती तुमचीच. फक्त पावसात घालू नका.”